शेणव्याला मशेरी चालत नाही

शहापूर,
ता. २० नोव्हेंबर १९३८

चि. सौ. चंद्रकला हिस,
नथूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुमच्याकडे भात झोडून झालं आणि गणूरावांचा खोकला उतरला, हे वाचून बरं वाटलं. मुरबाडच्या हवेला तू नावं ठेवतेस, पण खोकला तिथेच बरा झाला हे लक्षात ठेव.

जयासाठी स्थळ बघ म्हणून तू मागे लागली होतीस. बघितलं आहे. तुझ्या वहिनीची धाकटी बहीण गिरजा शेणव्याला दिली, ते तुला माहीत आहेच. तिचा नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा चंदर, फायनलपर्यंत शिकलेला, तानसा तलावावर नोकरीला आहे. घरचं भातही होतं. मुलगा शांत आहे, फारच शांत आहे, पण तुझी मुलगी दोघांपुरतं बोलेल.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. शेणव्याला मशेरी चालत नाही. चंदरची उठबस साहेबलोकांत. घरातल्या बायका तव्यावर तंबाखू भाजतात आणि काळं बोट तोंडात घालून सकाळभर ओट्यावर बसतात, असं त्या मंडळींनी पाहिलं तर ती पाणीसुद्धा पिणार नाहीत. तेव्हा तू आणि तुझ्या सासूबाई, दोघींनी आजपासून डबी बंद करावी.

आता तू हसशील, म्हणून खरं कारणही लिहितो. आईचं शेवटचं वर्ष तू विसरली नसशील. गालातला तो फोड, आणि कापसाच्या बोळ्याने पेज तिच्या तोंडात सोडणारी तूच. ठाण्याच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे मशेरीनेच झालं. मी ते तुझ्याखेरीज कोणाला बोललो नाही, आणि तू ऐकून रडलीस आणि रडून झाल्यावर डबी उघडलीस. तेव्हाच मी समजलो की भीतीने मशेरी सुटत नाही. सुटली तर लाजेने सुटेल. जयाने अजून बोट काळं केलेलं नाही. ती ज्या घरात जाईल त्या घरात मशेरीची डबी नसावी, एवढंच मला हवं आहे. देणंघेणं, जमीन, मुलाचा रंग, हे तुम्ही बघा.

सोबत दातांचा मलम पाठवत आहे. कल्याणच्या दुकानात तीन तऱ्हा होत्या. एक गुलाबी, तिला अत्तराचा वास. ती लावून तू व्याह्यांसमोर बोलायला लागलीस तर गणूरावांच्या मनात काहीतरी येईल. दुसरी विलायती, तिच्या खोक्यावर एक मडम सगळे दात दाखवून हसते आहे. ती तुझ्या सासूबाईंपुढे ठेवायची माझी छाती झाली नाही. तिसरी देशी, पांढरी, पुदिन्याच्या वासाची. यात हाड नाही, चरबी नाही असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं. ब्रश पाठवत नाही, कारण त्याचे केस कोणत्या जनावराचे याबद्दल तो शपथ घेईना. बोटानेच लावा. हरभऱ्याएवढा पुरतो.

लोभ आहेच. तो दाढेसारखा घट्ट असू दे.

तुझा,
नथू


शहापूर,
ता. २० नोव्हेंबर १९३८

गं. भा. गिरजाबाई हिस,
नथू मास्तरचे आशीर्वाद. वि. वि.

तुझी बहीण सरस्वती मजेत आहे. चंदरच्या लग्नाचं तू दिवाळीत बोलली होतीस. माझी भाची जया मुरबाडला आहे, माझी सख्खी बहीण चंद्रकला तिची मुलगी. चौथीपर्यंत शिकली, पत्र लिहिते, भाताच्या लावणीला कोणाला हार जात नाही. तू तिला बघून ये असं माझं मत आहे.

एकच अडचण आहे, ती स्पष्ट लिहितो. मुरबाडला मशेरी चालत नाही. माझ्या बहिणीचं घर सुधारलेलं. घरात कोणी मशेरीला शिवत नाही. गणूरावांच्या म्हाताऱ्या आई बाईजाबाई, त्यासुद्धा पांढऱ्या मलमाने दात घासतात. शिकलेली माणसं आधी तोंड बघतात, गिरजाबाई. काळे दात दिसले की ती वाटेतूनच माघारी फिरतात. तुझ्या मशेरीपायी चंदरचं चांगलं स्थळ गेलं असं उद्या कोणी म्हणू नये.

त्यासाठी सोबत एक नळी पाठवली आहे. खालून दाबली की मलम वरून येतो. बघायला येईपर्यंत सवय होईल. सरस्वतीला मी हे दाखवलं, ती काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं.

माया आहे म्हणून कडक लिहिलं. ती तशीच राहू द्यावी.

नथू


मुरबाड,
ता. ४ डिसेंबर १९३८

ती. नथूदादास,
चंद्रकलेचा शि. सा. न. वि. वि.

मलम पोचला. त्यातला निम्मा संपला, आणि एक कोंबडीही संपली. कोंबडीचं आधी सांगते.

तू हरभऱ्याएवढा लिहिलंस. पण सासूबाईंनी आयुष्यात मशेरीसुद्धा हरभऱ्याएवढी घेतलेली नाही. त्यांनी नळी तळहातावर पिळली, लिंबाएवढा गोळा खालच्या ओठात भरला आणि रोजच्यासारख्या ओट्यावर जाऊन बोट फिरवत बसल्या. मशेरी जशी दोन घटका धरायची असते तसा मलम धरला. थुंकायचा कधी ते तू लिहिलं नव्हतंस. थोड्या वेळाने तोंडातून फेस यायला लागला. हनुवटीवरून फेस, लुगड्यावर फेस. समोरच्या रंगूने ते बघितलं आणि म्हातारीच्या अंगात आलं म्हणून ओरडत सुटली. आळी गोळा झाली. कमळू भगत कडुलिंबाचा टहाळा घेऊन धावत आला आणि कोण आलंय, कुठून आलंय, काय पाहिजे असं विचारायला लागला. सासूबाई बोलेनात. मास्तरांनी पाठवलेली वस्तू वाया कशी घालवायची म्हणून त्यांनी तोंड गच्च मिटलेलं. त्यावरून कमळूने ठरवलं की घाटावरची मुकी देवी आहे आणि तिला काळी कोंबडी हवी आहे. ह्यांनी मुकाट्याने कोंबडी आणून दिली. कोंबडी दिल्यावर सासूबाईंनी चूळ भरली, आणि तोंड कसं गार झालं म्हणाल्या. आता कमळू भगतही मलम मागतो आहे.

हे झालं हसायचं. बाकीचं हसण्यासारखं नाही. मशेरी बंद केल्यापासून सासूबाईंचं पोट साफ होत नाही आणि त्याचा राग त्या माझ्यावर काढतात. माझं कपाळ दुखतं आणि त्याचा राग मी ह्यांच्यावर काढते. ह्यांनी कोणावर काढायचा? ते बैलाला बोलतात. डबी मी उकिरड्यावर टाकली, खरोखर टाकली. दात मात्र होते तसेच आहेत, काळे. तोंडाला पुदिन्याचा वास येतो, एवढंच.

जयाला मलमाची गरज नाही. ती मीठकोळशाने घासते आणि तिचे दात भाताच्या नव्या दाण्यासारखे आहेत. तिला चंदरबद्दल सांगितलं. तिने मुलगा कसा आहे, जमीन किती आहे, काही विचारलं नाही. तानसा इथून किती लांब, तेवढं विचारलं. मागे ती तुझ्याकडे दिवाळीला आली होती तेव्हा तो तिथे होता, हे मला नंतर आठवलं. दादा, हे जमलं पाहिजे. पोरीने काही मागायची ही पहिलीच वेळ आहे आणि तेही तिने तोंडाने मागितलेलं नाही.

तू दुसऱ्यांच्या घरात शिरून दात तपासतोस. एकदा वहिनीच्या ट्रंकेत तळाशी हात घालून बघ.

बहिणीवर माया ठेव, मलम ठेवला नाहीस तरी चालेल.

तुझी,
चंद्रकला


शेणवा,
ता. ११ डिसेंबर १९३८

ती. भावोजींस,
गिरजाचा शि. सा. न. वि. वि. (लिहिणार चंदर.)

आपले पत्र व नळी मिळाली. आपण माझ्या मुलासाठी एवढ्या मोठ्या घरचे स्थळ बघितले याबद्दल मी आपली आभारी आहे. मुरबाडची मंडळी एवढी सुधारलेली आहेत हे वाचून मनावर दडपण आले. मी मशेरी बंद केली आहे. रोज सकाळी मलम लावते. लावल्यावर जिभेला काही समजत नाही आणि भाकरीची चव लागत नाही, परंतु त्याला इलाज नाही. मंडळी घर बघायला आली तर माझ्यामुळे कमीपणा येणार नाही, एवढी खात्री असू द्यावी.

सरस्वतीअक्काला भेटायला शहापूरला येणार होते, परंतु आता दात जरा बरे दिसू लागले की मग येईन.

आपला लोभ मोठा आहे, तो असाच चालवावा.

गिरजा

ता. क. काका, हे चार शब्द माझे. आईचं बोलणं मी शुद्ध करून लिहितो, ती बोलली ते याहून बरंच वेगळं होतं. हल्ली ती माझ्याशीसुद्धा पदर तोंडाला लावून बोलते. आपण साहेबलोकांच्या दातांचा दाखला देता, म्हणून तलावावरच्या साहेबाच्या खानसाम्याला मी विचारलं की साहेब कोणता मलम वापरतो. तो म्हणाला, साहेबाचे दात पेल्यात काढून ठेवलेले असतात आणि ते मीच चुलीतल्या राखेने घासतो. मशेरीबद्दल माझं मत काय, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. मुलीबद्दलही विचारलेलं नाही, पण ते विचारलं नाही तरी चालेल. ती मला पसंत आहे.

चंदर


शहापूर,
ता. १८ डिसेंबर १९३८

चि. सौ. चंद्रकला हिस,
नथूचे आशीर्वाद. वि. वि.

शेणव्याची मंडळी संक्रांतीच्या सुमारास येतील. गिरजाबाई, चंदर आणि त्याचा चुलता भिमा. घरात तंबाखूचा तुकडा दिसता कामा नये. तवाही घासून ठेव, त्याला वास राहतो. सासूबाईंचा पहिला मलम संपला असेल म्हणून दुसरी नळी पाठवली आहे. या खेपेला मात्र खरंच हरभऱ्याएवढा, आणि दोनदा बोट फिरवून लगेच थुंकायचा. हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

मलमाने दात पांढरे झाले नाहीत हे तू लिहिलंस. एवढ्या वर्षांचं काळं एवढ्यात कसं जाईल? तोपर्यंत पाहुण्यांसमोर कमी हस. एरवी तू हसतेस जास्त, हे आईही म्हणायची.

गिरजाबाई पत्रातून अगदी नमून लिहिते आहे. माझा उपाय दोन्हीकडे लागू पडला, असं म्हणायला हरकत नाही.

तुझ्या वहिनीच्या ट्रंकेत हात घातला. त्याबद्दल पत्रात लिहिण्यासारखं काही नाही.

या भावाला विसरू नये.

नथू


मुरबाड,
ता. १७ जानेवारी १९३९

ती. नथूदादास,
चंद्रकलेचा शि. सा. न. वि. वि.

मंडळी येऊन गेली. गाडी वेशीबाहेर गेली होती, ती परत आणली, म्हणून हे पत्र लिहिण्याजोगं झालं आहे. नाहीतर मी तुला पत्र लिहिलं नसतं, शहापूरला येऊन बोलले असते.

आपल्याकडे बायकांची बैठक कशी सुरू होते ते तू पुरुष असलास तरी तुला ठाऊक आहे. पाणी दिलं की घरची बाई कमरेची डबी काढून पुढे सरकवते, पाहुणी चिमूट घेते, मग पाऊसपाणी, मग सुना, मग सासवा. डबीशिवाय तोंड उघडायचं कसं हे आम्हाला कोणी शिकवलेलंच नाही. मी पाणी दिलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. गिरजाबाई पदर तोंडाला लावून बसल्या. मला वाटलं, तलावावरच्या नोकरदाराची आई, आमच्या घराचा वास सहन होत नाही म्हणून नाक झाकते. मी माझे दात दिसू नयेत म्हणून ओठ मिटून होते. त्यांना वाटलं, मास्तरची बहीण, बोलायचासुद्धा कमीपणा वाटतो. दोघींचं कपाळ ठणकत होतं. अशा दोन बायका समोरासमोर बसल्या तर काय व्हायचं?

बोलणं निघालं ते पाण्यावरून. गिरजाबाई म्हणाल्या की तानशाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे पाणी मचूळ लागतं. मी म्हटलं, मग ते मुंबईला कशाला पाठवता, सगळं तुम्हीच प्या. त्यांनी विचारलं की मुलीलाही असंच बोलायला शिकवलं आहे का. मी म्हटलं, मुलीला आम्ही कमी शिकवलं, बाकीचं तिची सासू शिकवील. एवढ्यावर त्या उठल्या. जया पोह्यांचं ताट घेऊन दारात उभी. तिला कोणी कुंकू लावलं नाही, तिच्याकडे कोणी धड बघितलंही नाही, चंदर सोडून. गाडी जुंपली आणि गेली.

जया ताट ठेवून आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली. ते कालच निवडलेले होते. ती तेच पुन्हा निवडत राहिली. दादा, मला तेव्हा माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली.

सासूबाई काठी घेऊन कधी बाहेर पडल्या ते कोणालाच समजलं नाही. शेतातल्या आडवाटेने जाऊन वेशीबाहेरच्या बांधापाशी त्यांनी गाडी गाठली आणि बैलांसमोर रस्त्यावर फतकल मारून बसल्या. भिमा ओरडला, त्यांनी ऐकलं नाही. कमरेची डबी काढली. ही डबी माझ्या उकिरड्यावरची नव्हे, त्यांची स्वतःची, इतके दिवस लपवलेली. म्हणजे मलम आम्हाला दाखवायला आणि मशेरी गोठ्यात. त्यांनी डबी गिरजाबाईंपुढे धरली. गिरजाबाईंनी आधी डबीकडे बघितलं, मग इकडेतिकडे बघितलं आणि खाली उतरल्या. चिमूट तोंडात गेल्यावर त्यांनी विचारलं की मुरबाडला मशेरी चालत नाही ना? सासूबाई म्हणाल्या, बाई, चालत नाही ती तुमच्या शेणव्याला.

मी धापा टाकत पोचले तेव्हा दोघी तुझं नाव घेऊन इतक्या हसत होत्या की त्यांना बोलता येईना. मग मीही बसले. तिघी बांधावर, आणि चंदर आणि भिमा बैल धरून उन्हात. तिथेच लग्न ठरलं. माघातला मुहूर्त. परत येऊन गिरजाबाईंनी समोरच्या रंगूच्या हातून जयाला कुंकू लावलं. मुलीचे दात कोणीही बघितले नाहीत.

तू दोन्हीकडे लिहिलेलं आता दोन्हीकडे माहीत झालं आहे. मी रागावले आहे, पण पोरगी आज गाणं म्हणत भांडी घासते आहे, म्हणून राग पुढच्या पत्रात.

तुझ्यावर लोभ आहे, विश्वास राहिलेला नाही.

चंद्रकला


शहापूर,
ता. २५ जानेवारी १९३९

चि. सौ. चंद्रकला हिस,
नथूचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र सरस्वतीने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी हसली. मीही हसलो. भिमाने बैल धरून उभं राहायचं हे मला फार आवडलं.

पण हसून झाल्यावर काय राहिलं ते लिहितो. ज्या घरात डबी नको म्हणून मी एवढा खटाटोप केला, त्या घराशी सोयरीक डबीवरच ठरली. आता तिकडे डबी राहणार, आणि नवी सून आली की तिच्या हातावर पहिली चिमूट सासूच ठेवणार. ती मायेने ठेवणार, म्हणून जया नाही म्हणू शकणार नाही. आईनेही तुझ्या हातावर तशीच ठेवली होती, तुझं लग्न ठरलं तेव्हा. मी तिथे होतो.

तू जयाला आईचं सगळं सांग. मी सांगितलं तर ती मास्तरकी वाटेल, आणि माझ्या शब्दाला आता किंमतही उरलेली नाही. लाजेचा उपाय गेला, आता भीतीचा तरी करून बघू. मी फार घाबरलो आहे, चंद्रकला. आईच्या तोंडाचा तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

एवढं मनावर घे. बाकी मी तुझाच.

नथू


मुरबाड,
ता. २० फेब्रुवारी १९३९

ती. नथूदादास,
चंद्रकलेचा शि. सा. न. वि. वि.

लग्नाच्या धावपळीत तुझ्याशी दोन शब्द बोलता आले नाहीत. तू जेवणावळीत वाढत होतास आणि मी मुलीकडची, म्हणजे मी रडत होते.

जयाला सांगितलं. हळद लावताना सांगितलं, तेव्हा ती उठून जाऊ शकत नाही म्हणून. आधी मी सांगणार नव्हते. सासरी निघालेल्या मुलीला असलं काही सांगू नये असं मला वाटत होतं, आणि सासूच्या डबीबद्दल मन कलुषित करणंही बरं नव्हे. पण मी बोलत गेले आणि सगळं बोलले. फोड कुठे होता, पहिल्यांदा काय दिसलं, शेवटी काय झालं. ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली की हे मला आज का समजतं आहे. मी हळद लावत राहिले, दादा. याचं उत्तर तुला येत असेल तर कळव.

भीती बरी की लाज बरी, हे तुझं तत्त्वज्ञानही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मामा फार शिकलेला आहे.

माझी डबी मी पुन्हा घेतली आहे. खोटं लिहीत नाही. तुझ्यासारखी सवय मला नाही.

पत्र पाठव. भावाचं पत्र आलं की माहेर आहे असं वाटतं.

चंद्रकला


शेणवा,
ता. १३ एप्रिल १९३९

ती. मामांस,
जयाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र माझं नाही, सासूबाईंचं आहे. हे तलावावर गेले आहेत म्हणून मी लिहिते. ह्यांना सगळं शुद्ध करून लिहायची सवय आहे. सासूबाईंनी मला बजावलं आहे की मी बोलते तसंच उतरव, एक शब्द हलवू नको. तसंच लिहिते.

भावोजी, मी गिरजा बोलते. तुमी मास्तर मानूस, पर चुका काढत बसू नका, आधी पुरतं वाचा.

लगीन होऊन पोर घरात आली तवा मी तिच्या हातावर चिमूट ठेवली. आमच्यात ती रीतच हाय. पोरीनं हात मागं घेतला नाय. चिमूट तशीच धरून उभी ऱ्हायली आन बोलली, आत्या, माझी आजी यानंच गेली. मंग समदं सांगितलं तिनं, तुमच्या आईचं. मला लय राग आला. नव्या सुनेनं पयल्याच दिशी सासूच्या डबीला नाव ठेवायचं? कितीतरी दिस मी तिच्याशी बोलले नाय. ती आपलं काम करीत ऱ्हायली. मी सांगितलं तर मशेरी बी भाजून द्यायची, करपवली नाय कदी. सोता मातर शिवली नाय.

मंग एक दिस मीच तिला गोठ्यामागं उनात नेली आन तोंड उघडलं. बोलले, "बघ गो, काय हाय तिथं."

उजव्या गालाला आतनं मला नवरात्रापासून खरबरीत लागतंय. तिखट लागलं का आग व्हते. जया बोलते, पांढरा डाग हाय, बोराएवढा, आन मधी चिरलाय. तिनं एकदा बघितलं, माझं तोंड उनाकडं वळवून परत बघितलं, तवा मी समजले.

भावोजी, तुमची चिठी आली तवा मी शहापूरला यायला निगाले व्हते. अक्काला दाखवायचं, तुमाला विचारायचं, असं मनात व्हतं. मंग चंदरनं चिठी वाचली. शिकलेली मान्सं आधी तोंड बघतात, काळे दात दिसले का माघारी जातात. मी तोंडाला पदर लावला तो लावलाच. अक्काला दाखवलं नाय, चंदरला नाय, कुनालाच नाय. जया सांगते, तुमी बोलता लाजेनं मशेरी सुटते. माझी नाय सुटली, भावोजी. लाजेनं माझं तोंड मिटलं. लाजलेली बाई तोंड उघडून दाखवते काय कुनाला?

तुमच्या आईचं तुमाला म्हाईत व्हतं. मलमाचं येवढं लिवलंत, नळी कुठून दाबायची ते लिवलंत, आन हेच तेवढं नाय लिवलं. मी शिकलेली नाय, पर येवढं मला समजलं असतं. तुमी वाईट मानूस नाय, म्हनून तर जास्ती राग येतो.

मशेरी मी सोडली. लय कठीन हाय. सकाळचा हात आपोआप कमरंला जातो आन तितं काय नसतं. जया बाजूला बसते, काय काय बोलत ऱ्हाते, तिच्या बोलन्यात येळ जातो. ही पोर तुमी दिलीत, ते मी इसरनार नाय.

येत्या सोमवारी चंदरनं रजा काढलीय. मुंबईला मोठ्या इस्पितळात दाखवायचं. आमी आटगावला गाडीत बसू, तुमी त्याच गाडीत आसनगावला चढा. डाक्टर विंग्रजी बोलंल. चंदरला समजंल, पर तो मला सांगनार नाय, मी आई हाय म्हनून. जया अजून लहान हाय. तुमी सगळं आयका, आन काय असंल ते तितंच, माझ्या तोंडावर, सरळ सांगा. वाईट असलं तरी सांगा. माझं तोंड हाय, मला समजू द्या.

तुमची माया हाय हे मला म्हाईत हाय, आता तिच्यात खोटं मिसळू नका.

गिरजा